मागे वळून न पाहिल्याबाबत

फेल्डहोवन
३ नोव्हेंबर २०२५

नीळकंठभाऊजी,

आशीर्वाद. पाच वर्षांनी मोठी आहे म्हणून देते. पाया पडायला तुम्ही वाकू नका. परत सरळ करायला तुमच्या लेकीला, नीलिमाला, हूफडॉर्पात माणूस शोधत फिरावं लागेल.

पत्र सुनेच्या हातचं आहे, बोलणं माझं. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्याला 'छान, छान' म्हणता. मागे मी दाढ ठणकते म्हणाले तर म्हणालात, 'छान, सगळ्यांना सांगा.'

कारण असं. गेल्या मंगळवारी पोस्टाने एक लिफाफा आला. तुमच्या पुतण्याने तो दारात उभ्याने फोडला आणि जिन्याच्या पायरीवर बसून वाचला. मी विचारलं, काय रे उल्हास? म्हणाला, नगरपालिकेचं आहे, कचऱ्याच्या डब्यांचं. बरं म्हटलं. पण कचऱ्याच्या डब्यांपायी माणूस आमटी अळणी आहे हे ओळखेनासा होतो का? मी दोन दिवस मुद्दाम मीठ घातलं नाही. मुकाट्याने जेवला. सूनही जेवली. लिफाफा तांदळाच्या डब्याखाली गेला. कचऱ्याचं पत्र तांदळाखाली कोण ठेवतं?

अश्लेषाचं पेन आत्ता थांबलं. लिही ग. तुझ्यावर आळ घेत नाही. अजून.

तुम्ही कराडच्या कोर्टात एकतीस वर्षं बेलिफ होतात, दारोदार समन्स वाटलीत. कागद घेताना माणसाचं तोंड कसं होतं ते तुम्हाला ठाऊक. तेवढं कळवा.

तुमची वहिनी
शामला
(नाव सुनेने लिहिलं. खालची चंद्रकोर माझी.)

ता. क. काका, ते पत्र खरंच कचऱ्याचं आहे. आईंना उगाच शंका येते. तुम्ही तसं लिहिलंत तर त्यांना बरं वाटेल. — अश्लेषा


हूफडॉर्प
६ नोव्हेंबर २०२५

ती. शामलावहिनींस नीळकंठचा नमस्कार. वाकलो नाही.

आपलं पत्र मिळालं, आणि त्याखालचा सूनबाईंचा ताजा कलमही मिळाला. तो तुम्हाला वाचून दाखवला गेला होता का, हे मला माहीत नाही. मला वाटतं, नव्हता.

तोंडाचं विचारलंत. दारात उभ्याने कागद वाचून संपवतो तो माणूस चिडलेला असतो. वाचता वाचता बसतो त्याला कागदातलं काहीतरी ओळखीचं वाटलेलं असतं. उल्हास बसला, हे मला आवडलं नाही.

आता नीट ऐका. या पत्रात दोन ओळींखाली मी तांबडी रेघ मारली आहे. रेघ तुम्हाला दिसते. त्या ओळींवर स्वतः बोट ठेवून वाचून घ्या.

कचऱ्याच्या पत्राला सुनेचा ताजा कलम लागत नाही. घरातला लिफाफा दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या.

आणि त्यानंतर मला पत्र लिहाल ते दुसऱ्या हाताने लिहवा.

माझी तब्येत ठीक. नीलिमा मला रोज चालायला नेते. इथल्या बसथांब्यावर माणसं एकमेकांपासून हातभर लांब उभी राहतात. कोण कोणाबरोबर आलंय ते शेवटपर्यंत कळत नाही.

आपला
नीळकंठ


फेल्डहोवन
१० नोव्हेंबर

भाऊजी,

हात बदलला आहे. ही पूर्णिमा. लातूरची पोर, शेजारच्या घराच्या माडीवर भाड्याने राहते, आइंडहोवनला शिकते आणि रविवारी माझ्या हातची ज्वारीची भाकरी खाते. भाकरीच्या बदल्यात हात दिलाय. तुमचं पुढचं पत्र तिच्याच पत्त्यावर टाका, खाली दिलाय.

तुमच्या तांबड्या रेघांवर मी बोट ठेवलं. सूनबाईंनी वाचलं: 'वहिनी, तुमचे गुडघे कसे आहेत? थंडीत जपा.' मी तेव्हाच ओळखलं. पन्नास वर्षांत तुम्ही कोणाच्या गुडघ्याची चौकशी केलेली नाही, तुमच्या भावाचा मोडला होता तेव्हासुद्धा. पूर्णिमाने खरं वाचलं तेव्हा हसू आलं आणि मग हसू गेलं.

लिफाफाही आणला. पूर्णिमाने त्यावर मोबाईल धरला, मोबाईलने त्यातल्या डचचं इंग्रजी केलं, तिने मराठी केलं. तीन हातांतून आलेलं आहे, तरी सांगते. पत्र पोलिसांचं आहे. उल्हासला वीस तारखेला सकाळी दहा वाजता चौकशीला बोलावलंय, साक्षीदार म्हणून नव्हे, संशयित म्हणून. एकवीस ऑक्टोबरला सकाळी इथल्या सायकलच्या वाटेवर कोणी धोका होईल अशी वस्तू टाकली. तिच्यापायी चौऱ्याहत्तर वर्षांची एक बाई सायकलवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. टाकणारा मदत न करता निघून गेला. तिथे एक कापडी पिशवी सापडली, तिच्यावर उल्हासचं नाव छापलेलं. वकील आणायचा तर आणा, उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, असंही आहे.

त्याने इथल्या पासपोर्टचा अर्ज केलाय. गुन्हा नावावर लागला तर तो अर्ज गेला, असं पूर्णिमा म्हणते. सात वर्षांची वाट पाहणं त्यात आहे.

माझं लेकरू असं करणार नाही. तो त्या दिवशी घरून काम करत होता. मला तर प्रतीकचा संशय येतो, त्याच्या ऑफिसातला. दिवाळीच्या आधी चिवडा खायला आला होता, तेव्हा पिशवी नेली असेल. उल्हासला बढती मिळाल्यापासून त्याचं हसणं दातांपुरतंच आहे.

घरात दोघं माझ्यासमोर हवापाण्याचं बोलतात. मीही हवापाण्याचं बोलते. तिघांना मिळून हवेचं इतकं ज्ञान कधी नव्हतं.

एक विचारते. कायद्याने, कोणी हाक मारली आणि माणसाने मागे वळून पाहिलं नाही, तर तो गुन्हा होतो का? सहज विचारलं.

शामला


हूफडॉर्प
१२ नोव्हेंबर २०२५

ती. वहिनी,

तुमच्या पत्राचा पंचनामा केला. राग मानू नका.

तुम्ही तारीख सांगितली, बाईचं वय सांगितलं, मोडलेलं हाड सांगितलं. पिशवीत काय होतं ते सांगितलं नाही. ज्याला वस्तू माहीत नसते तो आधी वस्तूचं विचारतो.

तुम्ही प्रतीक नावाच्या माणसाला एका चिवड्यावर गुन्हेगार केलंत. तुमच्यासारखी बाई, जिने आमटी अळणी करून मुलाची परीक्षा घेतली, ती एवढ्या पुराव्यावर थांबत नाही.

तिसरं असं की 'मागे वळून पाहिलं नाही' हे शब्द पोलिसांचे नाहीत. त्यांनी 'निघून गेला' एवढंच म्हटलंय. हाक मारल्याचंही त्यात नाही.

मला १९७८ साली नोकरीचा हुकूम आला. त्या अमावस्येला तुम्ही मीठ, मोहऱ्या, मिरच्या आणि नारळ माझ्यावरून उतरवलात. ते तिठ्यावर ठेवायला दादाला पाठवलंत आणि बजावलंत: कोणी हाक मारली तरी बोलायचं नाही, मागे पाहायचं नाही, पाहिलं तर उतरवलेलं सगळं परत घरी येतं. वाटेत पाटील मास्तरांनी हाक मारली. दादा गेला निघून. मास्तर वर्षभर आमच्या घरी चहाला आले नाहीत.

पंचांग माझ्याही भिंतीवर आहे. एकवीस ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं.

मी काही विचारत नाही. फक्त सल्ला देतो. त्यांच्या हातात एका पिशवीवरचं नाव आहे, कोणा बाईचं नाव नाही. उल्हासने म्हणावं, पिशवी हरवली होती. तुम्ही जानेवारीत कराडला परत जाल. गप्प राहा. समन्स नसताना स्वतःहून कोर्टात येऊन उभा राहिलेला माणूस मी एकतीस वर्षांत एकही पाहिला नाही, आणि न आलेले सगळे वेडे नव्हते.

आपला
नीळकंठ


फेल्डहोवन
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय काका,

हे पत्र आईंना माहीत नाही, कृपया कळूही देऊ नका.

लिफाफा कचऱ्याचा नव्हता, पोलिसांचा होता. सगळं लिहीत बसत नाही. पिशवी उल्हासच्या ऑफिसच्या सहलीची होती, प्रत्येकाचं नाव छापून दिलेली. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ती दारामागच्या खुंटीवर होती आणि दुपारी नव्हती. पूजेला आणलेल्या दोन नारळांतला एक नव्हता. उंबऱ्यात मोहऱ्या सांडल्या होत्या, मीच झाडल्या. उल्हासने पत्र वाचलं आणि पायरीवरच बसला.

तो म्हणतो, 'आईला तिथे नेऊन बसवायचं नाही. मी सांगतो की मीच ठेवली.' वकील बाई म्हणाल्या, खोटं सांगू नका, उत्तर देऊ नका हवं तर. पण उत्तर दिलं नाही तर संशय त्याच्यावरच राहतो, आणि अर्ज तसाच अडकतो. आमचं यावरून रोज भांडण होतं, आई खोलीत गेल्या की हळू आवाजात. मला वाटतं त्यांना संशय आलाय. हल्ली त्या तांदूळ माझ्या आधी काढून ठेवतात.

तुमच्या पत्रातल्या तांबड्या ओळी मी वाचल्या नाहीत, गुडघ्यांचं घातलं. दुसरं काही सुचलं नाही. माफ करा.

तुम्ही त्यांना लिहा की नगरपालिकेची अशी पत्रं सगळ्यांनाच येतात. त्या तुमचं ऐकतात.

अश्लेषा


फेल्डहोवन
१५ नोव्हेंबर

भाऊजी,

तुम्हाला बेलिफ करून सरकारने चूक केली, फौजदार करायला हवं होतं.

पूर्णिमा, आता जे सांगते ते तसंच लिही. मध्ये माझ्याकडे बघू नकोस.

गणपतीत उल्हासला बढती मिळाली. जो आला तो बोलून गेला, वा, काय घर, काय पगार, काय नशीब. त्यानंतर त्याला ताप आला, जिन्यावरून पडला, ताटावरून उठायला लागला. तुम्ही शिकलेले लोक याला काय म्हणता ते तुमचं तुम्ही बघा. मी त्या दिवशी तो कॉम्प्युटरवर बोलत होता तेव्हा मागून सात वेळा उतरवलं. त्याला कळलंसुद्धा नाही. नारळ, मीठ, मोहऱ्या, सात मिरच्या. दारामागची पिशवी घेतली. तिच्यावर निळी वेलबुट्टी होती. आता कळतं की ती वेलबुट्टी माझ्या मुलाचं नाव होतं. एकोणऐंशी वर्षांत अक्षर न आल्याचं मला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी पूर्णिमाने ते वाचलं तेव्हा वाटलं.

इथे तिठा कुठला? पण तळ्याच्या पलीकडे सायकलच्या तीन वाटा मिळतात, तांबड्या रंगाच्या, कुंकू सांडल्यासारख्या. मला वाटलं जागा माझ्यासाठीच करून ठेवलीय. कडेला ठेवून चालत नाही, मधोमध ठेवली. वळले. दहा पावलं गेले असेन, मागून बाईची हाक आली. मी चालत राहिले. मग पडल्याचा आवाज, लोखंडाचा. मग परत हाक, आणि ती हाक वेगळी होती. भाऊजी, दुखण्याची हाक कुठल्या भाषेत आहे ते शिकावं लागत नाही. मला कळली. तिसरी हाक आली तेव्हा मी झाडांपर्यंत पोचले होते.

मागे पाहिलं तर सगळं उल्हासवर परत येईल, एवढंच डोक्यात होतं. म्हणून नाही पाहिलं. मागून दुसऱ्या सायकली आल्याचं ऐकलं, माणसं बोलल्याचं ऐकलं, म्हटलं उचलतील तिला. घरी येऊन पाय धुतले आणि करंज्या तळल्या. चांगल्या झाल्या होत्या.

प्रतीकचं नाव घेतलं ते मागे घेते. तो गरीब माणूस दोनदा चिवडा मागून घेतो, एवढाच त्याचा अपराध.

आता तुम्ही म्हणता गप्प राहा. गप्प राहायला मला जड नाही, तीन आठवडे राहिलेच आहे. पण मी मागे पाहिलं नाही ते ज्याच्यावर येऊ नये म्हणून, त्याच्यावरच आलंय. शिक्का मारून, तारीख घालून.

मी गेले तर आई मुलाला पुढे करून लपली होती असं होईल. नाही गेले तर तसं असेलच. काय करू ते सांगा. सूनबाईंना यातलं काही कळता कामा नये. तिचा मला अजून भरवसा वाटत नाही.

शामला


हूफडॉर्प
१७ नोव्हेंबर २०२५

ती. वहिनी,

सोबत एक कागद आहे. तो मला गुप्त म्हणून आला आणि मी तो दुसऱ्याच्या हाती देतो आहे. आमच्या खात्यात यासाठी घरी बसवत असत. मी घरीच आहे.

पूर्णिमाकडून तो आधी वाचून घ्या, मग हे.

वाचलात? तर भरवशाचं तुम्ही ठरवा. तीन माणसं एका घरात एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि मी इथे बसून तिघांवर संशय घेत होतो. गुडघ्यांची चौकशी मी खरंच करायला हवी होती, तेवढं सूनबाईंचं बरोबर आहे.

सल्ला विचारलात. माझा सल्ला आधीच्या पत्रात आहे आणि तो कायद्याने बरोबर आहे. आता मी तो लिहिणार नाही. वीस तारखेला पुन्हा अमावस्या आहे, एवढं पंचांगात पाहून कळवतो.

स्वतःहून आलेला माणूस मी पाहिला नाही म्हणालो होतो. निवृत्तीनंतर ऐकायला मिळाला तरी चालेल.

आपला
नीळकंठ


फेल्डहोवन
८ डिसेंबर

भाऊजी,

हात पुन्हा अश्लेषाचा आहे. तिने काही गाळू नये म्हणून तिला मीच सांगितलंय की तांबडी शाई आमच्याही घरात आहे.

तुम्ही पाठवलेला अश्लेषाचा कागद आला त्या संध्याकाळी मी तो जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला, पोलिसांचा त्याच्या शेजारी. आमटीला मीठ बरोबर घातलं होतं. कोणीच खाल्ली नाही. उल्हास म्हणाला, 'आई, तू यात पडू नकोस.' मी म्हटलं, 'पडली ती दुसरीच बाई आहे. मी चालत होते.' मग तो रडला. बढती मिळालेला माणूस कसा रडतो ते काही वेगळं नसतं.

दुसऱ्या दिवशी वकील बाईंनी पोलिसांना कळवलं आणि वीस तारखेला आम्ही तिघं गेलो. आत एक पोरगी होती, साध्या कपड्यात, केस मानेवर बांधलेले. तिनेच कॉफी आणून दिली. मी अश्लेषाला विचारलं, ही चहावाली की फौजदार? दोन्ही, म्हणाली. दुभाषा फोनमध्ये होता, संजीव नावाचा, नागपूरकडचा. माझं बोलणं त्याला कळत होतं, पण मध्येमध्ये 'आजी, हळू सांगा' म्हणायचा. पोरीने आधी बजावलं, उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. मी संजीवला म्हटलं, तिला सांग, एकदा उत्तर दिलं नाही म्हणूनच इथे आलेय.

तिने सगळं विचारलं. सात मिरच्याच का, हेसुद्धा. मी म्हटलं, आठ घालून पाहिल्या नाहीत. संजीवने ते सांगायच्या आधी स्वतः हसून घेतलं.

मग तिने विचारलं, पहिली हाक कसली होती, तुम्हाला कळलं का? मी म्हटलं, नाही, ती आवाज चढवून मारलेली नव्हती. तेव्हा तिने पडलेल्या बाईंचं म्हणणं वाचून दाखवलं. बाई इस्पितळात होत्या म्हणून ते त्या आठवड्यातच घेता आलं होतं. त्यांचं नाव रिया. त्या समोरून सायकलवर येत होत्या, त्यांना मी पिशवी खाली ठेवून जाताना दिसले. म्हातारी आहे, विसरली असेल, असं वाटलं. त्यांनी हाक मारली: बाई, तुमची पिशवी राहिली. मी थांबेना, म्हणून त्या पिशवी उचलून माझ्यामागे यायला उतरत होत्या. नारळ बाहेर घरंगळला, त्यांचा पाय त्याच्यावर पडला.

माझी पिशवी मला आणून द्यायला निघाली होती, भाऊजी. मी तिठ्यावर ठेवलेलं कोणी उचलेल तर त्याच्यावर जातं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. ते कोणी चांगुलपणाने उचलेल, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पोरगी टाइप केलेलं वाचत गेली आणि मी संजीवकडून ते ओळीन् ओळ मराठीत ऐकून घेतलं. मी 'तीन हाका ऐकल्या' ही ओळ दोनदा वाचायला लावली. ती बरोबर होती. सहीसाठी अंगठा पुढे केला तर त्या कचेरीत शाईच नव्हती. तुम्ही असता तर तिथेच शेरा मारला असता. चंद्रकोर काढून दिली.

उल्हासवरचा संशय काढल्याचं पत्र परवा आलं. माझं काय ते सरकारी वकील ठरवणार. पुढचं पत्र माझ्या नावाने येईल. तांदळाखाली ठेवायचं नाही असं ठरलंय.

रियाबाईंना मला भेटायचं आहे का, असं त्या पोरीने त्यांना विचारलं होतं. त्या हो म्हणाल्या. काल गेलो, मी आणि अश्लेषा. हाड जुळेपर्यंत ठेवतात त्या घरात त्या आहेत, खिडकीशी बसलेल्या, समोर चाकांचा आधार. उंच बाई. मी हात जोडले. मराठीत म्हटलं, ऐकलं होतं, आले नाही. अश्लेषाने सांगितलं ते जरा मोठं वाटलं. तिने पदरचं काही घातलं असेल. गुडघ्यांचं नसावं.

रियाबाईंनी समोरचा आधार बाजूला सारला. मग म्हणाल्या, जमिनीवर पडून मी तुमची पाठ पाहत होते, तुम्ही लहान होत गेलात. मी खाली बघत बसले.

माझ्या मुठीत मीठमोहऱ्या होत्या. अश्लेषाने डोळे मोठे केले, 'आई, इथे नको, परत पोलीस येतील.' मी म्हटलं, तू त्यांना विचार. तिने समजावून सांगितलं. रियाबाईंनी टेबलावर बोट आपटून दाखवलं, त्यांची आजी वाईट टळावं म्हणून लाकडावर असं करायची म्हणे. म्हणाल्या, करा. मी सात वेळा उतरवलं आणि मीठमोहऱ्या तिथल्याच मोरीत टाकून वर पाणी सोडलं. तिठा शोधत गेले नाही.

निघताना चकल्यांची पिशवी मी पलंगाच्या पायथ्याशी ठेवली आणि दाराकडे वळले.

मागून हाक आली. 'मेव्राऊ.' इथे बाईला असंच म्हणतात. भाऊजी, तोच आवाज, तोच शब्द. माझी मान तिथेच अडली. सवय मोठी वाईट. अश्लेषा दार धरून उभी होती.

मी वळले.

रियाबाईंनी पिशवी वर धरली होती, राहिली म्हणून. नवी पांढरी पिशवी. तिच्यावर मी अश्लेषाकडून त्यांच्या अक्षरांत मोठं नाव लिहून घेतलं होतं. त्या ते एकेक अक्षर लावून वाचत होत्या, आणि ते माझं होतं.

शामला